जनरल नोगी : हरवलेलं निशाण आणि दोनशे तीन मीटरची टेकडी

घाटवाटा

नोकरीनिमित्त तोक्योत तीन वर्षं होतो. तिथे भुयारी रेल्वेच्या चियोदा मार्गावर नोगीझाका नावाचं स्टेशन आहे. 'झाका' म्हणजे चढ. या चढाला पूर्वी यूरेइझाका, म्हणजे भुतांचा चढ म्हणत. १९१२ साली ते नाव बदलून जपानी सेनापती नोगींचं दिलं. स्टेशनातून वर आलं की नोगींचं शिंतो देऊळ लागतं आणि त्याला लागूनच त्यांचं राहतं घर आहे. घर लाकडी, काळपट आणि अगदी साधं. त्यासमोरचा तबेला मात्र पक्क्या विटांचा. घोड्यांना विटांची इमारत आणि स्वतःला लाकडी घर, हे पाहिल्यावर या माणसाबद्दल वाचत गेलो. तीन-चार वर्षं वाचतोय, अजून मन शांत नाही. म्हणून हा धागा.

नोगी मारेसुके यांचा जन्म १८४९ चा, एदोतला, म्हणजे आजच्या तोक्योतला. घराणं चोशू संस्थानाच्या चोफू शाखेतलं, सामुराई. पोरगेलेसे असताना ते हागीला तामाकी बुन्नोशिन या कडक गुरूंकडे शिकायला राहिले. १८७१ मध्ये नव्या शाही सैन्यात थेट मेजर झाले, तेव्हा वय एकवीस-बावीस. इथवर सगळं सुरळीत होतं.

१८७६ मध्ये हागीत सरकारविरुद्ध बंड झालं. नोगी तेव्हा कोकुराला चौदाव्या रेजिमेंटचे प्रमुख होते, सरकारच्या बाजूला. त्यांचा धाकटा भाऊ, जो तामाकींच्या घरी दत्तक गेला होता, तो बंडखोरांत होता. तो लढाईत मेला आणि आपल्या शिष्यांनी बंड केलं म्हणून वृद्ध गुरूंनी आत्महत्या केली. काही महिन्यांच्या आत भाऊ गेला, गुरू गेले.

त्यानंतर लगेच १८७७ चं सात्सुमा मुलखातल्या सामुराईंचं बंड. २२ फेब्रुवारीच्या रात्री कुमामोतोजवळच्या उएकी गावी नोगींच्या तुकडीची गाठ सात्सुमाच्या लोकांशी पडली. अंधारात माघार घेताना निशाण बाळगणारा अधिकारी मारला गेला आणि रेजिमेंटचं निशाण शत्रूच्या हाती लागलं. हे निशाण सम्राटाने दिलेलं असे. आपल्याकडे जरीपटका गेला म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला नोगींची त्या रात्रीची अवस्था वेगळी सांगायला नको. त्यांनी स्वतःहून शिक्षा मागितली. वरिष्ठांनी माफ केलं. त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला आणि मित्र कोदामा गेंतारो यांनी अडवलं, असंही सांगतात. कोदामांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे फार मोक्याच्या जागी परत येतात.

माफी मिळाली, पण नोगींनी ती स्वीकारली नाही, असं मला वाटतं. पुढची पस्तीस वर्षं त्यांनी त्या निशाणाचं देणं डोक्यावर वागवलं.

१८८७-८८ मध्ये त्यांना जर्मनीला पाठवलं. तोवर ते बाहेर बसणारे-उठणारे, दारू पिणारे अधिकारी म्हणून ओळखले जात. परतले ते दुसरेच होऊन. घरीदारी गणवेश, साधं जेवण, बायकोमुलांनाही तीच शिस्त. १८९४ च्या चीनविरुद्धच्या युद्धात ब्रिगेड घेऊन ते पोर्ट आर्थरवर गेले. आजचं लुशुन, दालियान शहराचा भाग. ते बंदर तेव्हा एका दिवसात पडलं. १८९६ ते ९८ तैवानचे गव्हर्नर-जनरल झाले. बरोबर वृद्ध आईला नेलं होतं, ती तिथेच मलेरियाने गेली. कारभार काही जमला नाही आणि त्यांच्या जागी कोदामा आले. मग झेन्त्सुजीला अकरावी डिव्हिजन, १९०१ मध्ये सक्रिय सेवेतून बाहेर, आणि नासूला जाऊन शेती. पन्नाशी ओलांडलेला माणूस. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

१९०४ मध्ये रशियाशी युद्ध सुरू झालं आणि त्यांना शेतावरून परत बोलावलं. काम तेच, पोर्ट आर्थर घ्यायचं. एका दिवसात घेतलेलंच तर ठाणं! पण दहा वर्षांत तिथे रशियन आले होते आणि टेकड्यांवर काँक्रीटचे किल्ले, खंदक, काटेरी तारा, मशीनगन असं सगळं उभं होतं. नोगींची तिसरी सेना मैदानात उतरण्याआधीच मोठा मुलगा कात्सुसुके मे महिन्यात नानशानच्या लढाईत पडला. वय चोवीस. नोगी जिनझोऊला पोहोचले तेव्हा त्यांनी चिनी वळणाची चार ओळींची कविता लिहिली. त्यात मुलाचा उल्लेख नाही. ओसाड डोंगर, रक्ताच्या वासाचा वारा, पुढे पाऊल न टाकणारा घोडा, न बोलणारी माणसं आणि तिरप्या उन्हात उभा असलेला तो.

ऑगस्टच्या १९ पासून पहिला एल्गार. सहा दिवसांत सुमारे १६,००० जपानी मेले किंवा जखमी झाले. हाती आलं ते जवळजवळ काहीच नाही. मग ऑक्टोबरअखेर दुसरा. २६ नोव्हेंबरला तिसरा, त्या रात्री ३,१०० जणांची 'पांढऱ्या पट्ट्यांची तुकडी'. अंधारात आपली माणसं ओळखता यावीत म्हणून छातीवर पांढरे पट्टे बांधले होते, आणि रशियन शोधदिव्यांच्या झोतात तेच पट्टे चमकले. मग सगळा मारा २०३ मीटर उंचीच्या एका टेकडीकडे वळला. ३० नोव्हेंबरला त्या टेकडीवर धाकटा मुलगा यासुसुके गेला, बावीस वर्षांचा. ५ डिसेंबरला टेकडी पडली, २ जानेवारी १९०५ ला पोर्ट आर्थर. वेढ्यात जपानचे सुमारे ६०,००० मेले-जखमी, त्यात मृत १५,००० च्या वर.

लोक दोन गोष्टी म्हणतात. युद्धानंतरच्या पिढ्यांनी त्यांना देव केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर एका अतिशय लोकप्रिय कादंबरीने त्यांना नालायक सेनापती ठरवलं. मला दोन्ही पटत नाही. त्या माणसाचं दुःख शंभर टक्के खरं होतं, असं मला वाटतं. पण सेनापतीचं दुःख खरं आहे एवढ्याने त्याचे हुकूम बरोबर ठरतात का? इथल्या जाणकारांनी लिहावं.

रानजाई

वाचनखूण साठवली. पण एक विचारते. बायकोचं नावसुद्धा लेखात आलं नाही. 'बायकोमुलांनाही तीच शिस्त' एवढ्यात ती संपली. दोन्ही मुलं तिचीही होती ना?

खंदक

घाटवाटा, उत्तम लेख. लष्करी बाजू थोडी मांडतो, कारण 'माणसं भिंतीवर आपटली' एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं.

पहिलं म्हणजे नोगींना दिलेली माहितीच चुकीची होती. आत किती सैन्य आहे याचा जपानी अंदाज प्रत्यक्षाच्या निम्म्याहूनही कमी होता. दुसरं, तोफगोळ्यांचा तुटवडा. तिसरं, घाई. नौदलाला बंदरातली रशियन जहाजं लवकर बुडायला हवी होती, कारण रशियाचा बाल्टिक समुद्रातला ताफा येणार होता. तो १५ ऑक्टोबरला लिबाऊहून निघालाही. सावकाश वेढा घालून उपाशी मारायला वेळच नव्हता.

आणि नोगी शिकले नाहीत हे तर मुळीच खरं नाही. ऑगस्टच्या एल्गारानंतर त्यांनी पद्धत बदलली. वाकडेतिकडे खंदक खणत किल्ल्यांच्या पायथ्यापर्यंत जायचं, खाली भुयार पाडायचं, सुरुंग ठासायचा. आपल्याकडे किल्ल्यांना मोर्चे लावत तसंच. जपानच्या किनाऱ्यावरच्या संरक्षणासाठी बसवलेल्या २८ सेंटिमीटरच्या अवाढव्य हॉवित्झर तोफा तिथून उखडून आणल्या आणि काँक्रीटच्या बैठकीवर बसवल्या. त्यांचा एकेक गोळा दोनशे किलोच्या वरचा. १ ऑक्टोबरला त्या पहिल्यांदा धडाडल्या. डिसेंबरात तीन मुख्य किल्ले एकामागोमाग पडले ते सुरुंगांनीच. १८ ला एक, २८ ला दुसरा, ३१ ला तिसरा. पोर्ट आर्थर शरण आलं त्यात या भुयारांचा वाटा टेकडीइतकाच मोठा आहे, पण टेकडीची गोष्ट रंगते आणि भुयाराची रंगत नाही.

शेवटचं. युरोपातल्या सैन्यांचे निरीक्षक तिथे हजर होते, सगळं डोळ्यांनी पाहत होते. त्यानंतर बारा वर्षांनी, १ जुलै १९१६ ला, फ्रान्समधल्या सोम नदीवरच्या लढाईत इंग्रजांचे एका दिवसात ५७,००० च्या वर मेले-जखमी झाले. नोगींसमोर जे संकट होतं, त्याचं उत्तर तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं.

दर्यावर्दी

खंदक, बरंचसं मान्य. एक मुद्दा मान्य नाही. २०३ टेकडीवरून बंदर थेट दिसतं. तिथे निरीक्षक बसवला की तोफा कुठूनही डागा, गोळा जहाजावर पाडता येतो. ती टेकडी सप्टेंबरात फार मजबूत नव्हती. २० सप्टेंबरच्या सुमारास पहिल्या डिव्हिजनने एक प्रयत्न केला, जमला नाही, आणि मग दोन महिने तिकडे दुर्लक्ष झालं. त्या दोन महिन्यांत रशियनांनी ती बळकट केली. नौदल त्या टेकडीसाठी मागे लागलं होतं, पण भूदलाने किल्ल्यांच्या मुख्य रांगेचा हट्ट धरला.

५ डिसेंबरला टेकडी हाती आल्यावर काय झालं पाहा. वरून टेलिफोनवर गोळ्याची दिशा सांगायची आणि मागून २८ सेंटिमीटरच्या तोफा. काही दिवसांत पोल्तावा, रेत्विझान, पोबेदा, पेरेस्वेत या युद्धनौका बंदरातच बुडून बसल्या. हे सप्टेंबरात झालं असतं तर किती घरांतले दिवे राहिले असते?

घाटवाटा

दर्यावर्दी, हा प्रश्न मलाही सतावतो. पण सप्टेंबरात ती टेकडी घेणं आणि *राखणं* जमलं असतं का, याबद्दल खंदक यांचं मत वाचायला आवडेल.

कोदामांचं राहिलं. ते १ डिसेंबरला नोगींच्या छावणीत आले, तेव्हा ते मांचुरियातल्या सेनेचे प्रमुख स्टाफ अधिकारी होते. त्यांनीच सूत्रं हातात घेऊन टेकडी जिंकली, असं लोकप्रिय कथन आहे. अलीकडचे बरेच अभ्यासक ते मानत नाहीत. हल्ला २७ नोव्हेंबरपासूनच चालू होता आणि निर्णय नोगींच्या मुख्यालयाचा होता. मला यातलं माणसाचं दृश्य जास्त दिसतं. आदल्या दिवशी दुसरा मुलगा गेलेला, आणि दारात तोच मित्र, ज्याने सत्तावीस वर्षांपूर्वी मरू दिलं नाही असं म्हणतात.

खंदक

राखणं कठीणच होतं. टेकडी शेजारच्या उंचवट्यांवरून माऱ्यात येते. नोव्हेंबरअखेरही ती हातात येत-जात राहिली. तरी सप्टेंबरनंतर दोन महिने ती सोडून देणं ही चूक, हे मी मान्य करतो.

आणखी एक, मांचुरियातली मुकदेनची लढाई विसरू नका. फेब्रुवारी-मार्च १९०५ मध्ये हीच थकलेली तिसरी सेना पश्चिमेकडून वळसा घालून रशियनांच्या पिछाडीवर गेली. नोगींची सेना आहे त्यापेक्षा मोठी आहे असा रशियन सरसेनापती कुरोपात्किन यांचा समज झाला आणि त्यांनी माघार घेतली. पोर्ट आर्थरच्या नावाचा तो दरारा होता.

जुनं_पान

चर्चा छान चालली आहे, पण एका वाक्यावर थांबलो. 'ते बंदर तेव्हा एका दिवसात पडलं.' २१ नोव्हेंबर १८९४ ला पडलं, आणि त्यानंतरच्या दिवसांत जपानी सैन्याने गावातल्या नि:शस्त्र चिनी लोकांची कत्तल केली. परदेशी पत्रकारांनी तेव्हाच ती जगापुढे आणली. नोगींची ब्रिगेड त्याच सैन्यात होती. नोगींनी स्वतः हुकूम दिला असं मी म्हणत नाही. पण पोर्ट आर्थरमधल्या पंधरा हजार जपानी मृतांसाठी आपण हळहळतो तेव्हा दहा वर्षांपूर्वी त्याच गल्ल्यांत मेलेल्यांचा निदान उल्लेख तरी हवा. १९०४ चं युद्धही चीनच्या जमिनीवर झालं. लढणारे दोघे परके, शेतं तिसऱ्याची.

आपल्याकडे तेव्हा जपानच्या विजयाचा केवढा आनंद झाला! 'केसरी'सारख्या पत्रांतून आशियाई राष्ट्राने गोऱ्या सत्तेला हरवलं म्हणून उत्साहाने लिहिलं जाई, आणि गुलामीतल्या माणसांना तसं वाटणं स्वाभाविकच होतं. पण कोरिया आणि तैवानमधून तो विजय कसा दिसला असेल, हे आपण आता तरी विचारायला हवं.

घाटवाटा

जुनं_पान, चूक दाखवलीत, मनापासून आभार. तो उल्लेख लेखात असायलाच हवा होता. एका दिवसात पडलं हे मी कौतुकाच्या सुरात लिहून गेलो. ते वाक्य तसंच ठेवतो, म्हणजे तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला तो कशाबद्दल आहे हे कळेल.

छडी_नसलेला_मास्तर

मी शिक्षक आहे, त्यामुळे मला शेवटच्या पाच वर्षांचं आकर्षण. १९०७ मध्ये सम्राट मेइजी यांनी नोगींना गाकुशुइनचं, म्हणजे सरदारांच्या मुलांच्या शाळेचं प्रमुख केलं. दोन मुलं गेलेल्या बापाच्या हाती इतकी मुलं दिली. पुढच्या वर्षी सम्राटाचा नातू हिरोहितो तिथे दाखल झाला. नोगी घरी न राहता मुलांबरोबर वसतिगृहात राहत. पाऊस असला तरी चालत या, हे राजपुत्रालाही सांगितलं. फाटका कपडा घालू नये, पण ठिगळ लावलेला घालण्यात लाज नाही, हे त्यांचं शिकवणं हिरोहितोंनी म्हातारपणीही आठवणीने सांगितलं.

सप्टेंबर १९१२ मध्ये, मेइजींच्या अंत्ययात्रेच्या तीन दिवस आधी, नोगी अकरा वर्षांच्या हिरोहितोंना भेटायला गेले आणि स्वतः खुणा केलेलं पुस्तक दिलं. नीट अभ्यास करा म्हणाले. मुलाने विचारलं, आपण कुठे जाणार आहात का? मला हा प्रसंग वाचवत नाही. वर्गातली मुलं मोठ्यांच्या मनातलं नेमकं ओळखतात.

रानजाई

माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, म्हणून मीच वाचून आले.

तिचं नाव शिझुको. माहेर सात्सुमाचं, म्हणजे ज्या लोकांनी निशाण नेलं त्याच मुलखातली. १८७८ मध्ये लग्न. वेढा लांबला तेव्हा संतापलेल्या लोकांनी नोगींच्या घरावर दगड टाकले, घरी शिव्याशापांची पत्रं आली. नोगी आघाडीवर होते, घरात ती होती. मोठा मुलगा गेल्यावर नवऱ्याचा निरोप काय, तर तिघांच्या शवपेट्या एकत्र येईपर्यंत अंत्यविधी करू नकोस. असं सांगितलं जातं.

१३ सप्टेंबर १९१२ ला सकाळी दोघांचे फोटो काढले. एकात तो चष्मा लावून वर्तमानपत्र वाचतोय, ती शोकाच्या वेशात मागे उभी आहे. रात्री सम्राटाचं शव राजवाड्यातून निघाल्याची तोफ झाली आणि दोघांनी घरातच जीव दिला. धन्याच्या मागे मरण्याची ही प्रथा जपानमध्ये १६६३ पासून बंद होती.

आता मृत्युपत्र पाहा. त्यात कारण दिलंय १८७७ चं निशाण. आणि ते ज्यांच्या नावे लिहिलंय त्यात शिझुकोचंही नाव आहे! एका घराबद्दल तर 'तिला तेव्हा वाटेल तसं करावं' असं लिहिलंय. म्हणजे आदल्या रात्री कागद लिहिताना ती मागे राहणार हे गृहीत होतं. मग एका दिवसात काय घडलं? तिने ठरवलं, की तिच्यासाठी ठरलं?

थेऊरला रमाबाई सती गेल्या त्याची गोष्ट लहानपणी ऐकताना आम्हा मुलींना भरून यायचं. पेशव्यांचं वैभव, माधवरावांचं अकाली जाणं, वृंदावन. त्या मुलीच्या मनात काय होतं हे मात्र कुणी सांगितलं नाही. इथेही तेच. नवऱ्याच्या मनातलं निशाण सगळ्या जगाला माहीत. तिचं काय हरवलं होतं, ते तिने कुठे लिहून ठेवलं?

पूर्वेची_वाट

+१ रानजाई. अंगावर काटा आला.

जुनं_पान

त्या मृत्यूवर तेव्हाही जपानमध्ये एकमत नव्हतं. काही वर्तमानपत्रांनी उघड टीका केली, तरुण लेखकांपैकी काहींना तो मूर्खपणा वाटला. कोट्यवधी लोक भारावले हे खरं, पण 'सगळा देश भारावला' हे नंतर रचलेलं चित्र आहे.

आणखी एक गोष्ट. मृत्युपत्रात नोगींनी स्पष्ट सांगितलं होतं की घराणं माझ्याबरोबर संपू द्या, दत्तक नको. १९१५ मध्ये सरकारने मोरी घराण्यातल्या एकाला नोगींची काउंट ही पदवी देऊन घराणं पुन्हा सुरू केलं. लोकांनी टीका केली. पुढे त्याने पदवी परत केली. ज्या राज्यासाठी तो मेला, त्या राज्याने त्याची शेवटची इच्छासुद्धा मोडली.

खंदक

शरणागतीचा प्रसंग कुणीच लिहिला नाही, म्हणून लिहितो. ५ जानेवारी १९०५ ला शुइशियिंग गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरात नोगी आणि रशियन सेनापती स्टेसेल भेटले. रशियन अधिकाऱ्यांच्या तलवारी कमरेलाच राहू दिल्या. परदेशी छायाचित्रकारांना पराभवाचा क्षण टिपायची परवानगी नोगींनी दिली नाही. शत्रू-मित्र एका रांगेत बसलेत असा एकच फोटो होऊ दिला. स्टेसेलनी आपला पांढरा घोडा भेट दिला. पुढे १९०८ मध्ये रशियात स्टेसेलना किल्ला सोडल्याबद्दल मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती नंतर कमी केली गेली. शरण आलेल्याशी असं वागणारा माणूस निव्वळ कठोर नव्हता.

घाटवाटा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण रानजाईंच्या प्रतिसादानंतर मला माझा लेख पुन्हा वाचवेना. मी घर पाहिलं, तबेला पाहिला, नोगींची खोली खिडकीतून पाहिली. खोल्यांत आत जाऊ देत नाहीत, बाहेरच्या उंच पाटणीवरून काचेतून पाहायचं. शिझुकोंची खोलीही तिथेच आहे आणि मी तिच्यावरून पुढे गेलो होतो. माझा मूळ प्रश्न सेनापतीचं दुःख आणि त्याचे हुकूम यांचा होता. आता वाटतं, त्याचं दुःखही हुकमासारखंच दुसऱ्यांवर पडलं. आधी पंधरा हजार घरांवर, मग मुलांवर, शेवटी तिच्यावर.

जानेवारी १९०६ मध्ये सम्राटापुढे अहवाल वाचताना ते रडले आणि मरण्याची परवानगी मागितली, मी जिवंत आहे तोवर नाही, असं उत्तर मिळालं, असं म्हणतात. खरं असेल तर त्या साडेसहा वर्षांचा अर्थ कळतो.

छडी_नसलेला_मास्तर

घाटवाटा, त्या टेकडीवर आता काय आहे?

घाटवाटा

मी गेलो नाही, एक सहकारी दालियानला होता, त्याने फोटो पाठवले. वर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा उंच स्तंभ आहे, रणांगणावर गोळा केलेल्या धातूचा ओतलेला. त्यावर नोगींच्या अक्षरात तीन चिन्हं. जपानीत दोन, शून्य, तीन म्हणजे नि, रेइ, सान. तोच उच्चार देणारी वेगळी चिन्हं नोगींनी निवडली आणि अर्थ झाला 'तुमच्या आत्म्यांचा डोंगर'. चिनी सरकारने स्तंभ पाडला नाही, शेजारी आक्रमणाचा पुरावा म्हणून पाटी लावली. खाली उतरताना यासुसुके जिथे पडला तिथे छोटा दगड आहे. सहकाऱ्याला तो आधी सापडला नाही, झाडी खूप वाढली आहे म्हणाला.